काळा धूर : इंजिनाचे दुखणे कसे ओळखावे?



बेणे, लागण, खताचे हप्ते हे विषय सोडून ऊस विकास अधिकारी इंजिनाच्या धुरावर का लिहू लागला, असे कुणीही विचारील. कारण उसातच आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर होईल तसे वजन घटते आणि उताराही घसरतो. वर्षभर पोटच्या पोरासारखा जपलेला ऊस ट्रेलरमध्ये भरला आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला धूर ओकत बसला, तर तो तोटा शेवटी आपल्याच बिलात उतरतो.

केंदूर-पाबळकडचा आपला भाग मूळचा दुष्काळी. थिटेवाडी बंधाऱ्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर इथला ऊस उभा राहतो. या भागाला इंजिन काही नवे नाही. 1946 साली खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. पुढे गावोगाव मोट सुटली आणि विहिरीवर इंजिन बसले. त्या वेळची जाणती माणसे बांधावरून नुसता आवाज ऐकून इंजिनाची तब्येत सांगत. आता विहिरीवर विजेची मोटर आली, पण ट्रॅक्टर, जेसीबी, ऊसतोडणी यंत्र ही सगळी डिझेलवरच चालतात. म्हणून धूर वाचायची ती विद्या विसरून चालणार नाही.

मागच्या एका हंगामातली गोष्ट सांगतो. केंदूरकडचे एक सभासद स्वतःचा आणि भावकीचा ऊस स्वतःच्या जुन्या ट्रॅक्टरने आणत. चढाला गाडी काळाकुट्ट धूर सोडायची आणि दम टाकायची. मिस्त्रीने पाहिल्याबरोबर सांगितले, "पंप गेलाय." पंप उतरला, खर्च झाला, आणि ताकद यावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलही वाढवले. धूर उलट जास्त झाला. वजनकाट्याच्या रांगेत मी त्यांना सहज विचारले, "दादा, एअर क्लीनर कधी उघडला होता?" ते म्हणाले, "दिवाळीच्या आधी कधीतरी." तिथेच वाटी सोडली. आत ऑईल नव्हतेच, चिखलाचा गोळा होता. वाटी धुतली, नवे ऑईल भरले, तसा निम्मा धूर जागेवर थांबला. उरलेला निम्मा थांबायला मात्र पंप पुन्हा उतरवून माप मूळ ठिकाणी आणावे लागले. दुखणे वाटीभर चिखलाचे आणि शस्त्रक्रिया काळजाची, असा तो प्रकार झाला.

काळा धूर म्हणजे काय?

काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजेच आपल्या पैशाची काजळी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती दाबाने लालबुंद तापते आणि तिच्यात नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते. एक लिटर डिझेल पुरते जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात इंजिनाला त्याहूनही जास्त हवी असते. चुलीत ओले जळण कोंबले आणि फुंकर कमी पडली की घर धुराने भरते. इथेही तेच घडते. म्हणून काळ्या धुराची मूळ कारणे तीनच आहेत: हवा कमी, डिझेल जास्त, किंवा डिझेलचा फवारा खराब.

एक खूण पक्की लक्षात ठेवा. ताकद कमी पण धूर नाही, तर बहुधा डिझेल पोहोचत नाही. तिथे डिझेल फिल्टर बघावा. ताकद कमी आणि धूर काळा, तर आधी हवा बघावी. धूर निळा असेल तर इंजिन ऑईल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ निघाला तर चिंता नको. गरम झाल्यावरही निघत राहिला, तर डिझेल न पेटता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरते आहे.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

क्रम असा ठेवावा की बिनपैशाचे काम आधी आणि खर्चाचे शेवटी.

1) ओझे आणि गिअर. धूर फक्त चढाला आणि भरल्या ट्रेलरलाच येतो का? मग आधी चालवण्याची पद्धत बघा. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत रेटले की काळा धूर येणारच. चढ लागण्याआधीच गिअर उतरवावा. ट्रेलरचे ब्रेक चिकटलेत का, टायरमध्ये हवा कमी आहे का, हेही पाहावे. रिकामा ट्रेलर सपाटीवर हाताने ढकलून बघा. जड गेला तर दोष इंजिनाचा नाही.

2) एअर क्लीनर. हंगामात फुफाट्याच्या रस्त्यावर हा रोज बघावा. ऑईलच्या वाटीत खुणेपर्यंतच ऑईल भरावे. जास्त भरले तरी हवा अडते. कागदी फिल्टर असेल तर आपटू नये आणि डिझेलने धुऊ नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. आतला छोटा फिल्टर साफ न करता बदलावा. आणि फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नये. धूर कमी दिसेल, पण धूळ आत जाऊन लायनर आणि रिंगा खलास होतील.

3) हवेचे पाईप आणि सायलेन्सर. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाईप फाटला किंवा क्लिप ढिली झाली, तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि जोडावर तेलकट काजळी दिसते. सायलेन्सर काजळीने चोंदला असेल तर धुराला वाट मिळत नाही आणि नवी हवाही आत येत नाही.

4) नोझल. इंजिन नुसते चालू ठेवले तरी धूर आणि ठोका येत असेल, तर एखादे नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळते आहे असे समजावे. नोझल टेस्टिंग मशीनवर तपासून घ्यावे. त्याच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो. तसे झाले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच वेळी दवाखाना गाठावा.

5) टॅपेट, टायमिंग, पंप. हे काम जाणत्या मिस्त्रीचे. वरचे चार मुद्दे तपासून झाल्यावरच पंपाला हात लावू द्यावा. "पंप वाढवून देतो, गाडी पळेल" असे कुणी म्हणाले तर सरळ नकार द्यावा. हवा तेवढीच राहून डिझेल वाढले तर त्याचा धूर होतो. जादा डिझेल लायनरवरचे ऑईल धुऊन काढते आणि खाली उतरून चेंबरचे ऑईल पातळ करते. ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर आनंद मानू नका. तो धोक्याचा इशारा आहे.

6) कॉम्प्रेशन. सगळे करूनही धूर राहिला, सकाळी इंजिन चटकन सुरू होत नसेल आणि ब्रीदरमधून वाफा येत असतील, तर रिंगा आणि बोअर झिजले असे समजावे. मग मात्र मोठे काम आहे. ते गळीत संपल्यावर उन्हाळ्यात उरकून घ्यावे.

नव्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी

1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत डिझेलचा दाब फार मोठा असतो आणि त्यावर कॉम्प्युटरचा ताबा असतो. जुन्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलचा पाईप ढिला करून दोषी सिलिंडर शोधत. ही युक्ती नव्या गाडीवर बिलकुल करू नये, जिवावर बेतेल. तिथे ओझे, एअर क्लीनर आणि पाईप एवढेच आपण बघावे. बाकी काम कंपनीच्या माणसाकडे द्यावे.

आणखी एक गोष्ट. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केले. त्या धुरात आपला ड्रायव्हर दिवसभर असतो. टोळीची बायकापोरे मागच्या ट्रेलरवर बसून तोच धूर घेतात. त्यांचाही विचार आपणच करायचा आहे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवण्याची चूक तर कुणीच करू नये.

शेवटी एक विनंती. एक साधी वही ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावी. ऑईल कधी बदलले, फिल्टर कधी बघितला, नोझल कधी तपासले, हे तारखेनिशी लिहावे. ऊस लागणीची तारीख आपण विसरत नाही, मग ही तारीख का विसरावी? गाड्या गळीत सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी तपासून घ्याव्यात. अडचण आली तर गट ऑफिसला निःसंकोच यावे. आधी हवा बघायची, मग डिझेल आणि पंप सर्वांत शेवटी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आपला,
ऊस विकास अधिकारी