एकदाच केलेली तपासणी : उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासाचा बोध

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा टाळता येण्याजोगा रोग आहे, ही गोष्ट अद्याप घरोघरी पोहोचलेली नाही. २०२२ या वर्षासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. जो रोग आपल्या आगमनाची सूचना कित्येक वर्षे आधी देतो, त्याने इतके मृत्यू का व्हावेत? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मराठवाड्यातील खेड्यांतून मिळाले आहे. आरोग्यसेवेत काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याचा परिचय करून घेणे आवश्यक आहे.

रोगाचा क्रम

हा रोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ व १९८४ साली यांपैकी दोन प्रमुख प्रकार शोधून काढले; या कार्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा संसर्ग अनेक स्त्रियांना होतो आणि बहुतेकींच्या बाबतीत तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या स्त्रियांमध्ये मात्र तो टिकून राहतो. अशा वेळी गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये हळूहळू बदल घडतात आणि त्यांतून कर्करोग उद्भवण्यास सामान्यतः दहा ते वीस वर्षे लागतात. या दीर्घ काळात स्त्रीला वेदना होत नाहीत, की अन्य त्रासही जाणवत नाही. प्रतिबंधाची संधी नेमकी याच काळात असते.

चाळणी तपासणी

धान्य चाळताना आपण प्रत्येक दाणा निरखून पाहत नाही. संशयास्पद तेवढे बाजूला काढतो व मग ते निवडतो. निरोगी दिसणाऱ्या व्यक्तींची चाळणी तपासणीही अशीच असते. तिच्यात दोष आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. पुढील तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या विल्सन व युंगनर यांच्या पुस्तिकेत अशा तपासणीची तत्त्वे सांगितली आहेत. दोष आढळलेल्या व्यक्तीसाठी निदान व उपचार यांची सोय हवीच, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व होय. ही सोय नसेल तर तपासणी म्हणजे केवळ भीतीचे वाटप ठरते.

बार्शीची पूर्वतयारी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतोच असे नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जात, लोकांशी बोलत आणि लक्षणे असणाऱ्यांना तपासणीस येण्याचा आग्रह करीत. याचा परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. पुढील मोठा अभ्यास या पायावर उभा राहिला.

अभ्यासाची मांडणी

१९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हा अभ्यास सुरू झाला. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि त्याची दक्षिण सीमा कर्नाटकास लागून आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हे काम संयुक्तपणे केले. गावांचे ५२ समूह पाडून त्यांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटासाठी विषाणूची चाचणी, दुसऱ्यासाठी पेशींची पॅप तपासणी, तर तिसऱ्यासाठी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी योजण्यात आली. चौथा गट तुलनेसाठी होता. त्यातील स्त्रियांना तपासणी कोठे होऊ शकते याची माहिती देण्यात आली, परंतु अभ्यासातर्फे तपासणी झाली नाही. दोष आढळलेल्या स्त्रियांची कॉल्पोस्कोप या भिंगयंत्रातून पाहणी करून, गरजेनुसार बदललेला भाग गोठवून नष्ट करण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा उपचार करण्यात आला.

निष्कर्ष

२००९ साली आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या. विषाणू चाचणीच्या गटात स्त्रियांची संख्या काहीशी अधिक असूनही ३४ दगावल्या. वाढलेल्या अवस्थेतील कर्करोगाचे रुग्ण अनुक्रमे ८२ व ३९ होते. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने व तिला जोडलेल्या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप तपासणी व आम्लाची पाहणी यांच्या गटांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही.

हा फरक कशामुळे पडला, हे समजण्यास दुसरी एक गोष्ट उपयोगी पडते. ज्या स्त्रियांची चाचणी निर्दोष आली, त्यांच्यातही पुढे काहींना कर्करोग झाला. त्याचे प्रमाण विषाणू चाचणीनंतर दर लाखास ३.७, पॅप तपासणीनंतर १५.५ आणि आम्लाच्या पाहणीनंतर १६.० असे होते. विषाणू चाचणीने दिलेला दिलासा अधिक भरवशाचा होता. या चाचणीत सुमारे दहा टक्के स्त्रियांमध्ये विषाणू आढळला. त्यांपैकी फार थोड्यांना कर्करोग होता. हे प्रमाण स्त्रियांना आधीच समजावून सांगितले, तर अकारण धास्ती टळते.

मुंबईचा अनुभव

यावरून आम्लाची पाहणी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे प्रशिक्षित प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांनी हीच पाहणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. साधन साधे असले तरी सातत्याने व दक्षतेने वापरल्यास ते प्राण वाचवू शकते, हे यावरून दिसते.

या अभ्यासांतील तुलनेच्या गटांना तपासणी न दिल्याबद्दल पुढे गंभीर आक्षेपही घेण्यात आले, आणि ते दृष्टीआड करणे योग्य नाही. त्या गटांतील स्त्रियांच्या मृत्यूंची नोंद झाली म्हणूनच तपासणीचे मोल आपणांस आकड्यांत कळले. हे ज्ञान वापरात न आणणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

आपले कर्तव्य

२०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आम्लाची पाहणी करावी असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या धोरणानुसार ७० टक्के स्त्रियांची वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा व पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा अधिक अचूक चाचणी व्हावयास हवी. प्रत्यक्षात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी अशी तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले.

ही दरी केवळ यंत्रांनी भरून निघणार नाही. ‘मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?’ असे म्हणणाऱ्या स्त्रीला, काही होत नाही तोवरच तपासणीचा खरा उपयोग आहे, हे पटवून द्यावे लागेल. संकोच दूर करण्यासाठी तपासणीस आडोसा व शक्यतो स्त्री कार्यकर्ती हवी. सासूबाईंना व घरच्या कर्त्या पुरुषालाही विश्वासात घेतले पाहिजे. संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव होत असेल, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल, तर शिबिराची वाट न पाहता त्या स्त्रीस तत्काळ वैद्याकडे पाठवावे. मुलींना दिली जाणारी लस हे मोठे संरक्षण आहे. तथापि लस घेतलेल्या मुलींनाही पुढे योग्य वयात तपासणी हवीच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोष आढळलेल्या स्त्रीचे नाव वहीत लिहून काम संपत नाही. ती उपचारापर्यंत पोहोचली की नाही, याची खातरजमा होईपर्यंत तपासणी पूर्ण झाली असे मानू नये. उस्मानाबादच्या खेड्यांत प्राण वाचले ते चाचणी आणि उपचार यांची साखळी तुटू दिली नाही म्हणून. ती साखळी आपल्या गावात अखंड राखणे, हेच या अभ्यासाचे खरे अनुकरण होय.