गिरणीचे छप्पर आणि आतील उकाडा

जुन्या कापडगिरण्यांतील विणकामखात्याचे छप्पर पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखे असे. दात्यांची काचेची बाजू उत्तरेकडे असल्याने मागांवर उजेड पडे, पण थेट ऊन क्वचितच येई. मुंबईत १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. काही इमारतींत पुढे कचेऱ्या आल्या. अशा नूतनीकरणात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तापलेले छप्पर केवळ हवाच तापवीत नाही. त्याचे उष्णताप्रारण थेट माणसाच्या अंगावर पडते. म्हणून हवेचे तापमान तेच असूनही उकाडा अधिक भासतो. छपरावरील पांढरा लेप ऊन परावर्तित करतो, खालचा निरोधक थर उष्णता अडवितो, आणि माथ्याच्या झरोक्यांतून तापलेली हवा निघून जाते. उत्तरेच्या काचा मात्र बुजवू नयेत. त्या बुजविल्या की दिवसाही दिवे लावावे लागतात, व त्यांच्या उष्णतेची आत भरच पडते.