माळवदाचे ओझे आणि भिंतीचा सांधा

दगड-मातीच्या जुन्या घरांची दुरुस्ती हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकावी, भिंतीला कोठे भेग पडली असल्यास ती लिंपून घ्यावी, आणि शक्य असेल तर दर्शनी बाजूला सिमेंटचा गिलावा करावा, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी दुरुस्ती संपते. परंतु मराठवाडा व त्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील माळवदी घरांच्या बाबतीत नेमक्या याच तीन गोष्टी घराला अधिक धोकादायक करतात, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगातील मोठ्या भूकंपांशी तुलना करता हा धक्का मध्यमच म्हणावा लागेल; तरीही औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली व सुमारे ८ हजार माणसे प्राणास मुकली. यांपैकी बहुतेकांचा बळी घेतला तो झोपेत अंगावर आलेल्या दगडांनी आणि मातीने. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या रूढ झालेल्या बांधकामपद्धतीचा या दृष्टीने विचार करण्याची गरजच कोणाला भासली नव्हती.

अशा घराची भिंत अडीच-तीन फूट, क्वचित त्याहूनही जाड असते. बाहेरून ती अभेद्य दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन पातळ भिंती असतात: एक आतल्या अंगाची, दुसरी बाहेरच्या अंगाची. मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा आणि माती भरलेली असते. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच आढळतो. पावसाचे पाणी वरून या भरावात मुरले की माती फुगते, खाली बसते आणि बाहेरच्या अंगाला ढकलू लागते. भिंतीने पोट काढले असे गावात म्हणतात, ते हेच. जमीन हादरते तेव्हा हेच काम काही सेकंदांत होते. दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटून ढासळतात आणि छप्पर खाली येते. भिंतीची जाडी येथे उपयोगी पडत नाही. उलट पडणाऱ्या दगडांचा ढीग तेवढा मोठा होतो.

छपराचा हिशेब कोणत्याही शाळेत फळ्यावर मांडून दाखविता येईल. ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब खोलीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. तिच्यावर ६० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर असेल, तर माती झाली ७.२ घनमीटर. कोरड्या दाबलेल्या मातीचे वजन दर घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले, तरी छपरावर साडेअकरा टन ओझे येते. पावसाने भिजल्यावर ते आणखी वाढते. हाच थर २० सेंटिमीटरवर आणला की ओझे चार टनांच्या आत येते. गळती दिसली की आणखी चार पाट्या माती टाकण्याची सवय वर्षानुवर्षे चालू राहिल्याने हा थर वाढत जातो. आजोबांच्या वेळी किती माती होती, हे नातवाला ठाऊक नसते.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ माती टाकण्याने नव्हे, तर माती काढण्याने करावा. होळीनंतर काम हाती घेऊन मृग नक्षत्रापूर्वी ते पूर्ण होईल अशा बेताने आखणी करावी. प्रथम आतून तुळयांना भक्कम टेकू द्यावेत. त्यानंतर माती सर्व बाजूंनी सारखी, थराथराने काढावी. एका कडेला ढीग करून ठेवू नये, कारण तेथील तुळईवर तो अचानक भार होतो. फळ्या उघड्या पडल्या की प्रत्येक लाकूड टोकदार खिळ्याने टोचून पाहावे. भिंतीत रुतलेली तुळयांची टोके विशेष काळजीने तपासावीत. वाळवी व कूज यांचा आरंभ बहुधा तेथेच होतो. खिळा सहज आत गेला तर ते लाकूड बदलणेच इष्ट. फळ्यांवर जाड पॉलिथीनचा कागद अंथरून त्यावर २० सेंटिमीटरपर्यंतच माती पसरावी, ती चोपून पन्हळीकडे उतार द्यावा आणि वरून भुसा मिसळलेल्या मातीचे लिंपण करावे. पाणी अडविण्याचे काम आता कागद करतो. त्यासाठी जाड मातीची आवश्यकता उरत नाही. थर पातळ झाल्याने उन्हाळ्यात घर थोडे अधिक तापेल, हे मान्य करावयास हवे. वरून चुन्याचा पांढरा हात दिल्यास हा त्रास पुष्कळसा कमी होतो.

माळवदी घरांत छपराचा भार अनेकदा लाकडी खांबांवर असतो. हे खांब तळखड्यावर नुसते उभे असतात आणि वरची तुळई त्यांच्यावर नुसती टेकलेली असते. असा सांगाडा सरळ भार उत्तम पेलतो, आडवा हिसका मात्र त्याला सोसत नाही. खांब व तुळई यांच्या कोनात दोन्ही दिशांनी लाकडाचे तिरपे आधार बसवून ते लोखंडी पट्ट्या व बोल्ट यांनी घट्ट केले, तर भिंत ढासळली तरी छप्पर उभे राहण्याची शक्यता बरीच वाढते. गावच्या सुताराला हे काम एकदा समजावून दिले की पुरे.

यानंतर भिंतीचा सांधा. दोन अंगे एकत्र बांधण्यासाठी जुन्या भिंतीत सिमेंट काँक्रीटचे आरपार दुवे घालण्याची पद्धत आहे. भूकंपानंतर महाराष्ट्रात राबविलेल्या दुरुस्ती व बळकटीकरण कार्यक्रमात ती पुष्कळ गावांतील गवंड्यांना शिकविण्यात आली. भिंतीवर सुमारे एक-एक मीटर अंतरावर खुणा कराव्यात. वरच्या ओळीतील खुणा खालच्या ओळीच्या मध्ये येतील अशा, म्हणजे अर्धा मीटर सरकवून घ्याव्यात. खुणेच्या जागेवरील दगडाभोवतीची माती कोरून दगड हळूहळू हलवीत सोडवावा. घणाचे घाव घालू नयेत. त्याने शेजारचे दगड सुटतात. आतील भराव छोट्या पहारीने काढीत सुमारे ७५ मिलिमीटरचे आरपार छिद्र करावे. त्यात ८ मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोके वाकविलेली सळई ठेवून एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग बारीक खडी यांचे काँक्रीट ठासून भरावे. सळई कोठेही उघडी राहता कामा नये. किमान दहा दिवस दोन्ही तोंडांवर पाणी शिंपडावे. एकाच वेळी सर्व छिद्रे पाडून ठेवण्याचा मोह टाळावा. थोडी पाडावीत, ती भरावीत, मग पुढे जावे.

दारे-खिडक्यांच्या गणेशपट्टीच्या वर आणि छपराच्या खाली संपूर्ण घराभोवती तारेच्या जाळीचा व सिमेंटच्या गिलाव्याचा पट्टा बांधल्यास चारही भिंती एकत्र काम करतात. हे काम मात्र अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. कोपऱ्यात पट्टा तुटला तर त्याचा उपयोग नाही, आणि नेमके कोपऱ्यातच काम घाईने उरकले जाते.

सिमेंटच्या गिलाव्याविषयी गावोगावी मोठे आकर्षण आहे. मातीच्या सांध्यांची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा सलग थर चढविला की आत शिरलेली ओल कोंडते, माती मऊ होते आणि भिंत आतून पोकळ होत असताना बाहेरून नवी दिसते. सांध्यांतील सैल माती खरवडून काढून ते चुना-सिमेंटच्या मसाल्याने भरणे अधिक हिताचे ठरते. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे जुन्याच भिंतींवर टाकलेला सिमेंटचा स्लॅब. खालची भिंत सांधलेली नसेल, तर तो एकसंध खाली येतो.

घरमालकाने स्वतः कोठवर जावे यालाही मर्यादा आहे. ओळंबा धरला असता भिंत बाहेर झुकलेली दिसत असेल, कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग असेल किंवा भिंतीला स्पष्ट पोट सुटले असेल, तर तेथे आरपार दुवे घालून भागत नाही. तेवढा भाग छपराला आधार देऊन उतरवावा लागतो व पुन्हा बांधावा लागतो. नवी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसावी. दर ६० सेंटिमीटर उंचीवर आणि लांबीत १२० सेंटिमीटरच्या आत एक आरपार दगड असावा, व कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून दोन्ही भिंतींत गुंतवावेत. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातील अभियंत्याकडून अशी भिंत प्रथम पाहून घ्यावी.

बारीक भेगांच्या बाबतीत शिक्षकांना एक साधी मदत करता येईल. भेगेच्या आरपार काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली, तर भेग अद्याप वाढत आहे असे समजावे. शाळाखोली, अंगणवाडी, चावडी आणि ग्रामपंचायत कार्यालय जुन्या बांधणीचे असल्यास तेथून आरंभ करणे सोयीचे होईल. ग्रामसेवकाने प्रत्येक पट्टीची जागा व तारीख नोंदवहीत लिहावी आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्व पट्ट्या पाहून याव्यात.