छोटा ट्रक, खरे माप

(पाठपरिचय : मोठ्या वस्तूचा लहान नमुना कसा बनवतात, त्यासाठी कोणते गणित लागते आणि माप चुकले तर काय होते, हे या पाठात एका शिक्षकाने शाळेतील अनुभवाच्या आधारे सांगितले आहे.)



आपले पारोळा गाव महामार्गावर वसले आहे. सुरतेकडून येणारा हा रस्ता धुळे, पारोळा, जळगाव असा नागपूरकडे जातो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. या रस्त्याने रात्रंदिवस ट्रक धावतात. कुणात कापसाच्या गाठी, कुणात केळी, कुणात कांदे, तर कुणात सिमेंट. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कोणी ड्रायव्हर असेल, कोणी मिस्त्री, कोणी पेंटर. ट्रक तुम्ही रोज पाहता. तर मग एका प्रश्नाचे उत्तर द्या. सहा टायरच्या ट्रकचे मागचे चाक किती उंच असते?

हाच प्रश्न मी एकदा नववीच्या वर्गात विचारला. कोणी गुडघ्याजवळ हात धरला, कोणी छातीजवळ. एकाने तर डोक्यापर्यंत हात नेला! सगळे हसले. पण खरे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे, हे त्या दिवशी वर्गाला कळले.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही रेडिओवर चालणारा छोटा ट्रक बनवायचे ठरवले. एक मुलगा म्हणाला, "सर, तो तर बाजारात तयार मिळतो."

मी म्हणालो, "बाजारात मिळते ते खेळणे. आपल्याला नमुना बनवायचा आहे."

'नमुना' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. खेळण्यात चाके मोठी असली किंवा केबिन फुगीर असली तरी चालते. नमुन्यात तसे चालत नाही. मूळ वस्तूचा प्रत्येक भाग सारख्याच पटीने लहान करावा लागतो. या पटीलाच 'प्रमाण' म्हणतात. आम्ही १ : २० हे प्रमाण घेतले. म्हणजे खऱ्या ट्रकवरचे २० सेंटिमीटर आमच्या ट्रकवर १ सेंटिमीटर.

आमच्या वर्गात एक अबोल मुलगा होता. त्याचे वडील महामार्गालगतच्या एका कारखान्यात ट्रकची बॉडी बांधण्याचे काम करत. ही गोष्ट तो कोणाला सांगत नसे. मी त्याला म्हणालो, "तुझ्या अब्बांना विचार, आम्ही मोजमाप घ्यायला येऊ का?" दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला, "सर, अब्बा म्हणाले, जुम्म्याला या. सुट्टी असते, गाडी मोकळी मिळेल."

जुम्म्याच्या दुपारी फीत, वही आणि पेन्सिल घेऊन आम्ही तिथे गेलो. मिस्त्रींनी आम्हांला ट्रकची सगळी ओळख करून दिली. खालचा लोखंडी सांगाडा म्हणजे चासी. चासीखाली एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या म्हणजे पाटे. माल भरतात तो हौदा. हौद्याचा मागचा उघडणारा दरवाजा म्हणजे फाळका. ते म्हणाले, "पूर्वी कंपनीतून नुसती चासी यायची. केबिन आणि हौदा आम्हीच बांधायचो. आता बहुतेक नव्या गाड्यांना केबिन बसून येते. पण हौदा अजूनही कितीतरी ठिकाणी आमच्यासारखेच बांधतात."

मुलांनी फीत लावली. चाकाची उंची सुमारे १ मीटर भरली, म्हणजे साधारण तुमच्या कमरेइतकी. हौदा ५ मीटर २० सेंटिमीटर लांब, २ मीटर ४० सेंटिमीटर रुंद आणि फळ्यांची उंची १ मीटर ८० सेंटिमीटर. या प्रत्येक मापाला २० ने भागा. चाक ५ सेंटिमीटर, हौद्याची लांबी २६, रुंदी १२ आणि उंची ९ सेंटिमीटर. आमचा ट्रक कागदावर तयार झाला.

मग सामान जमवले. ते बहुतेक टाकाऊ होते. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या उरलेल्या पट्ट्यांची चासी झाली. आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या झाल्या. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केबिन झाली. जुन्या स्लिपरच्या रबराचे टायर कापले. पुढे दोन आणि मागे जोडीजोडीने चार. पार्सलला बांधतात त्या प्लास्टिकच्या पट्टीचे पाटे बनवले.

टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान शिकवणारे एक मोठे नाव आपल्याच देशात आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.चे अभियंता. ते पुण्याला टेल्को कंपनीत नोकरी करत. टेल्को म्हणजे ट्रक बनवणारी टाटांची कंपनी. तिने १९५४ मध्ये जर्मन कंपनीच्या मदतीने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली होती. आज तिचे नाव टाटा मोटर्स आहे. १९७८ मध्ये गुप्ता रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. खेड्यातल्या शाळांत तिथे विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग चालू होता. तिथे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घरे उभी केली. पुढे त्यांनी मुलांसाठी शेकडो खेळणी तयार केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता ट्रक चालवायचा कसा? आम्ही एक छोटी मोटर आणली. ती मिनिटाला सुमारे ६,००० फेरे घेत होती. तीच सरळ चाकाला जोडली असती तर ट्रक भिंतीवर जाऊन आदळला असता. खरा ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तो सेकंदाला ११ मीटर जातो. याला २० ने भागले की ५५ सेंटिमीटर येतात. म्हणजे आमचा ट्रक सेकंदाला एवढाच जायला हवा. आमच्या चाकाचा परीघ १५.७ सेंटिमीटर. म्हणून चाकाने सेकंदाला साडेतीन, म्हणजेच मिनिटाला २१० फेरे घ्यावेत. ६,००० ला २१० ने भागा. सुमारे २९ येतात. आम्ही फेरे ३० पटींनी कमी करणारा गिअरचा डबा बसवला. ट्रक खऱ्या ट्रकसारखा सावकाश, डुलत चालू लागला.

रद्दी विकून आलेल्या पैशांतून आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून रिमोटचा संच मागवला. हातातल्या यंत्रातून रेडिओ लहरी निघतात. ट्रकमधले यंत्र त्या पकडते. पुढची चाके वळवण्यासाठी सर्व्हो नावाची छोटी मोटर असते. तिला सेकंदाला ५० वेळा विजेचा इशारा मिळतो. इशारा दीड मिलिसेकंद टिकला तर चाके सरळ राहतात. तो एक मिलिसेकंदाचा झाला तर ती एका बाजूला वळतात, दोन मिलिसेकंदांचा झाला तर दुसऱ्या बाजूला. तारेवाचून दूरवर हुकूम पोहोचवण्याची ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशा लहरींनी दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी नाव लोकांपुढे चालवली.

शेवटी सजावट राहिली. व्यापारी गाडीची असते तशी पिवळी नंबरपट्टी केली आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत एम.एच. १९ लिहिले. १९ हा जळगावचा क्रमांक. चमकणारी पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मुलांना मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचे होते. पण महाराष्ट्रात २०१५ मध्ये या लिखाणावर बंदी आली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवले जातात. म्हणून ते लिहिले नाही. आरशाखाली काळा गोंडा मात्र लावला. लाकडाला चहाचे पाणी फासून ते जुने दिसेलसे केले. चाकांवर काळ्या मातीची बारीक धूळ फुंकली. ट्रक हुबेहूब दिसू लागला.

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी मिस्त्री ट्रक पाहायला शाळेत आले. त्यांनी ट्रक हातात घेतला, सगळीकडून पाहिला. मग हौद्याला वीत लावली आणि म्हणाले, "सर, काम चांगले आहे. पण हौदा उंच झाला आहे."

आम्ही पट्टी लावली. हौदा ९ ऐवजी ११ सेंटिमीटर होता! वर्ग गप्प झाला. मग तोच अबोल मुलगा उभा राहिला. "सर, मी केला. उंच हौदा जास्त रुबाबदार दिसतो."

मिस्त्री रागावले नाहीत. ते म्हणाले, "बेटा, दोन सेंटिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर किती?"

मुलाने मनात हिशेब केला. "चाळीस सेंटिमीटर, अब्बा."

"चाळीस सेंटिमीटर उंच हौदा म्हणजे तेवढा माल वर रचायला आवतण. तुझे चाचा काठी घेऊन का चालतात?"

मुलाचे डोळे भरून आले. त्याचे चाचा ड्रायव्हर होते. एका वळणावर त्यांची गाडी उलटली होती. माल हौद्याच्या वर रचलेला होता.

मी म्हणालो, "आपला ट्रकच आपल्याला कारण सांगेल." आधी वजन ठरवले. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही २० पटींनी कमी होतात. म्हणून वजन २० × २० × २०, म्हणजे ८,००० पटींनी कमी व्हायला हवे. मालासह १६ टनांचा ट्रक आमच्या प्रमाणात २ किलोचा झाला. रिकामा ट्रक ७५० ग्रॅमचा आणि वाळूच्या पिशव्या १,२५० ग्रॅमच्या.

ट्रक एका फळीवर आडवा ठेवला. तो घसरू नये म्हणून खालच्या बाजूच्या चाकांना टेकून बारीक पट्टी ठोकली. पिशव्या हौद्याच्या तळाशी ठेवल्या. मग फळीची एक बाजू हळूहळू उचलली आणि कोनमापक धरला. ट्रक सुमारे ४० अंशांवर कलंडला. नंतर तळाशी रिकामी खोकी ठेवली आणि त्याच पिशव्या त्यांच्यावर रचल्या. वजन तेच, ट्रक तोच. या वेळी तो ३१ अंशांवरच उलटला.

वस्तूचे सगळे वजन जणू एका बिंदूत एकवटलेले असते. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. माल वर गेला की गुरुत्वमध्यही वर जातो आणि गाडी लवकर कलंडते. कलंडण्याचा कोन उंची आणि रुंदी यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. म्हणूनच छोटा ट्रक मोठ्या ट्रकबद्दल खरे सांगू शकतो. खऱ्या ट्रकचे पाटे आणि टायर दबतात, म्हणून तो याहूनही लवकर उलटतो. मात्र नमुन्याचे माप खोटे असेल, तर त्याने दिलेले उत्तरही खोटे ठरते.

त्या रात्री बापलेकांनी मिळून नवा हौदा बांधला. बरोबर ९ सेंटिमीटरचा. प्रदर्शनात तो मुलगा स्वतः फळी उचलून लोकांना कोन दाखवत होता. कोणी विचारले, "हे तुला कोणी शिकवले?" तर तो मोठ्याने सांगे, "माझे अब्बा बॉडी बांधणारे मिस्त्री आहेत. त्यांनी."

दुपारी त्याचे चाचा काठी टेकत आले. मुलाने रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी ट्रक वळणावर आणला, वेग कमी केला आणि सावकाश वळवला. मग म्हणाले, "असा वळवायचा."

शब्दार्थ
नमुना – मूळ वस्तूसारखी बनवलेली प्रत (उर्दू : नमूना)
प्रमाण – ठरलेली पट (उर्दू : तनासुब)
मोजमाप – (उर्दू : पैमाइश)
टाकाऊ – निरुपयोगी म्हणून टाकलेले (उर्दू : बेकार)
हुबेहूब – अगदी तसेच (उर्दू : हू-ब-हू)
आवतण – बोलावणे (उर्दू : दावत)
कलंडणे – एका बाजूला झुकून पडणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खेळणे आणि नमुना यांत कोणता फरक आहे?
(आ) मुलाने हौदा उंच का केला होता?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तेच वजन असूनही दुसऱ्या वेळी ट्रक लवकर का उलटला?
(आ) पाठाच्या सुरुवातीचा मुलगा आणि प्रदर्शनातला मुलगा यांत तुम्हांला कोणता बदल दिसतो?
३. हिशेब करा : तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. १ : २० प्रमाणात नमुना केल्यास ही मापे किती होतील?
४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरतात.
५. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या अवजारांची नावे विचारून ती मराठीत लिहा.