दूध पुरत नाही, तेव्हा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात ‘मला दूध पुरत नाही’ ही तक्रार फार ऐकू येते. बाळ रडले की घरातील वडीलधारी माणसे वरचे दूध सुचवितात आणि मातेची शंका पक्की होते. पुष्कळदा दूध कमी नसते. ते कसे तयार होते, हे ठाऊक नसते.

बाळ जितके चोखील, तितके दूध तयार होते. चोखण्याने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते व दूध बनते; ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. वेदना व चिंता यांमुळे पान्हा अडखळतो, म्हणून मातेला धीर देणे हाही एक उपचारच होय. रात्री प्रोलॅक्टिन अधिक स्रवते. तेव्हा रात्रीचे पाजणे चुकवू नये. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ अंगावर कमी पिते आणि मग दूध खरोखरच घटते.

पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक थोडाच असतो. परंतु नवजात अर्भकाला तो पुरतो. त्याचे थोडेसे उतरलेले वजन साधारणतः दोन आठवड्यांत भरून येते. पाचव्या दिवसानंतर ते दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

स्तनाग्राला भेगा पडतात त्या बहुधा चुकीच्या पकडीमुळे. बाळाच्या तोंडात भोवतालचा काळसर भागही यावा व हनुवटी स्तनाला टेकावी. दूध दाटल्यास हाताने थोडे काढून मग पाजावे. स्तन लाल होऊन ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे. पाजणे मात्र थांबवू नये.

जबलपूरच्या घमापूर भागात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि तान्ह्याला पाणी पाजण्याचा मोह होतो. परंतु पहिले सहा महिने मातेच्या दुधातील पाणीच त्याला पुरेसे असते. पाणी द्यावयाचे ते मातेला. अळिवाचे वा डिंकाचे लाडू तिचे पोषण करतात. चोखण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

थायरॉइडचा विकार, अतिरक्तस्राव किंवा स्तनावरील शस्त्रक्रिया यांमुळे काही मातांना दूध खरेच कमी येते. त्यांना दोष देऊ नये. आजारी व अकाली जन्मलेल्या अर्भकांसाठी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. बाळ सुस्त असेल, लघवी कमी करीत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. त्यांनी वरचे दूध सांगितलेच, तर ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने द्यावे आणि अंगावर पाजणे चालू ठेवावे.