गटार आणि नळ यांच्यातलं अंतर

जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्येही पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. दोन्ही वेळी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा या भागांत पाणीच पाणी होतं आणि शहरातले नळ मात्र कोरडे होते. बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर इथली नदीकाठची उपसा केंद्रंच पुरात सापडली होती. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, हे कोल्हापूरकरांना त्या दिवसांनी शिकवलं.

पूर ओसरल्यावर भिंती धुतल्या जातात, गाद्या रस्त्यावर वाळत पडतात, पंचनामे होतात. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचलून बघायचं मात्र राहून जातं.

शाहूपुरीत आमच्या ओळखीच्या एका इमारतीत २०१९ मध्ये नेमकं हेच झालं. टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीच्या बरोबरीला होतं, त्यामुळं पुराचं पाणी सरळ आत शिरलं. नळाला पाणी सुटलं तसं ते त्याच टाकीत पडलं, मोटरनं गच्चीवर चढलं आणि सगळ्या स्वयंपाकघरांत पोचलं. काही दिवसांनी पाण्याला वास येऊ लागला, घरोघरी पोटं बिघडली. सगळ्यांचा राग महापालिकेवर. शेवटी फिटरनं झाकण काढलं, काठी आत घातली आणि तळाचा गाळ दाखवत म्हणाला, “वरनं पाणी चांगलंच येतंय ओ, घाण तुमच्याच टाकीत हाय.”

गाळ दिसतो आणि वासही येतो. रोगजंतू दिसत नाहीत, ही खरी अडचण. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली आणि त्यात अनेक जण दगावले. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शहराच्या पाणीउपशात मिसळलं, तेव्हा सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘ई’ची लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. तोवर पूर कधीच विसरला गेलेला असतो, आणि डोळे पिवळे झाल्यावर टाकीची आठवण कुणाला येत नाही. गरोदर स्त्रियांना तर या आजाराचा धोका सर्वांत जास्त.

म्हणून पुराचं पाणी शिरलेली टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय वापरायची नाही. पण घाईनं उपसाही करू नये. आजूबाजूची जमीन पाण्यानं भरलेली असताना टाकी एकदम रिकामी केली, तर बाहेरच्या दाबानं तळ उचलला जातो किंवा भिंतींना तडे जातात. आसपासची पाणीपातळी उतरू द्यावी. मोटर भिजली असेल, तर इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय बटण दाबू नये. टाकीत उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवावं आणि वर दुसरा माणूस उभा असावा. बंद टाकीत प्राणवायू कमी पडून माणसं दगावली आहेत.

गाळ काढून भिंती घासून झाल्या की टाकी स्वच्छ पाण्यानं भरावी. दर १००० लिटरला १५० ते २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, निवळू द्यावी आणि वरची निवळी टाकीत ओतावी. हेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवून प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावं आणि २४ तास तसंच राहू द्यावं. मग सगळं सोडून देऊन टाकी पुन्हा भरावी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. सगळं होईपर्यंत पिण्याचं पाणी चांगलं खळखळ उकळून घ्यावं.

पूर न येणाऱ्या भागांतही हाच धोका वेगळ्या वाटेनं घरात येतो. २०२३ मध्ये शहरासाठी काळम्मावाडीची थेट पाइपलाइन सुरू झाली. पण पन्नास किलोमीटरहून लांबून, धरणातून आणलेलं पाणी बिघडतं ते बऱ्याचदा घराजवळच्या शेवटच्या काही फुटांत. जुन्या पेठांत नळाची लोखंडी लाइन गटारातून किंवा गटाराला खेटून गेलेली दिसते. तिला गंजून बारीक भोकं पडतात. पाणी दाबानं येत असतं तेव्हा त्या भोकातून ते बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि गटारातलं पाणी आत शिरतं. त्यात कुणी नळाच्या लाइनलाच थेट मोटर लावली, तर ती शेजाऱ्याचं पाणी पळवतेच, शिवाय ते गटारही ओढून घेते. अशी मोटर लावणं नियमबाह्य आहे. पाणी आधी टाकीत पडू द्यावं, मोटर त्या टाकीवर बसवावी. गटारातून गेलेली लाइन वर उचलून घ्यावी. पाणी सुटल्यावर पहिली धार गढूळ किंवा वासाची येत असेल, तर नुसतं ओतून गप्प बसू नये. लाइन कुठंतरी फुटली असल्याची ती खूण असू शकते.

सखल भागात आणखी एक त्रास असतो. पंचगंगेची फूग शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्यात चढली की ड्रेनेजचं पाणी उलटं फिरतं आणि तळमजल्याच्या न्हाणीतून, संडासातून वर येतं. घरातून बाहेर जाणाऱ्या लाइनवर चेंबरजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर ते अडतं. मात्र त्यात केस, कापड अडकलं तर तो नीट बंद होत नाही, म्हणून पावसाळ्याआधी उघडून साफ करावा.

बाकीच्या तक्रारी सोप्या. सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर पाणी कुठंतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत थोडी शाई टाकावी. न वापरता रंग भांड्यात उतरला तर आतला वायसर गेला. घरात पाणी येतं तिथला मुख्य व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा फिरवावा, नाहीतर पाइप फुटल्यावर तो जाम झालेला सापडतो. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या पाइपला जाळी हवीच, कारण डेंग्यूचा डास साध्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

ही सगळी कामं मे महिन्यात उरकावीत. टाकीचं तोंड फरशीपासून दीड-दोन फूट उंच बांधून घ्यावं आणि झाकणाला रबरी पट्टी लावावी. पाण्याची शंका आली तर वॉर्डातल्या आरोग्य कर्मचाऱ्याकडून क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करून घ्यावी. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंगच आला नाही, तर ते पाणी पिऊ नये आणि शेजारच्या घरांनाही त्याच दिवशी सांगावं.