वाळूंतून काढलेली मोटार

मोडलेली वस्तु नीट करणें म्हणजे तिला पुन्हां चकाकी आणणें, असा सर्वसाधारण समज आहे. शास्त्राच्या विद्यार्थ्यानें मात्र ती कां मोडली हें आधीं शोधलें पाहिजे. या दृष्टीनें 'बॅब्स' नांवाच्या एका शर्यतीच्या मोटारीचा वृत्तान्त आम्हांस बोधप्रद वाटतो, म्हणून तो येथें देत आहों.

ही मोटार प्रथम कौंट लुई झ्बोरोव्स्की या धनाढ्य शर्यतपटूंनीं इंग्लंडांत कँटरबरीजवळील आपल्या वाड्यावर बांधविली. तिच्यांत 'लिबर्टी' जातीचें अमेरिकन विमानाचें एंजिन होतें. त्याला बारा नळकांडीं, २७ लिटर आयतन व सुमारें ४५० अश्वशक्ति! लहान घरगुती मोटारीचें एंजिन बहुधा एक-दीड लिटरचें असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या यंत्राच्या प्रचंडपणाची कल्पना येईल. एंजिनाची गति मागच्या चाकांस पोंचविण्यासाठीं सायकलीसारख्याच, पण कितीतरी जाड अशा साखळ्या होत्या. १९२४ सालीं मोंझा येथील शर्यतींत दुसरी मोटार चालवितांना झ्बोरोव्स्की मरण पावले. पुढें जे. जी. पॅरी-थॉमस या वेल्श एंजिनिअरांनीं ही मोटार १२५ पौंडांस विकत घेतली.

थॉमस हे पूर्वी लेलंड कारखान्याचे मुख्य एंजिनिअर होते. त्यांनीं दट्टे व कार्ब्युरेटर बदलले, तिला नवें अंग चढविलें आणि १९२६ च्या एप्रिलांत वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेंडाइनच्या सपाट पुळणीवर ताशीं १७१ मैलांचा, म्हणजे सुमारें २७५ किलोमीटरांचा, जागतिक उच्चांक केला. १९२७ च्या फेब्रुवारींत माल्कम कॅम्बेल यांनीं त्याच पुळणीवर तो मोडला. गेलेला मान परत मिळवावा म्हणून थॉमस तेथें आले व ३ मार्च १९२७ रोजीं भर वेगांत मोटार उलटून जागच्या जागीं मृत्यु पावले. भग्न मोटार तेथेंच वाळूच्या टेकाडांत पुरण्यांत आली.

साखळी तुटली व तिचा तडाखा चालकाच्या डोक्यास बसला, असें लोकांनीं ठरविलें. साखळी चालकाच्या इतकी जवळून जात होती कीं हें कोणालाही पटावें. पण खरा साक्षीदार वाळूखालीं होता व त्याची जबानी कोणीं घेतलीच नव्हती.

ती १९६९ सालीं घेतली गेली. बँगर येथें एंजिनिअरिंग शिकविणारे ओवेन विन ओवेन यांनीं मोटार उकरण्याचें मनांत घेतलें. (ते आमच्याच पेशाचे, हें लिहितांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो.) कांहीं लोकांस हें रुचलें नाहीं. जेथें माणूस मेला तेथील त्याचें वाहन म्हणजे एक प्रकारची समाधीच, ती कां उकरावी, असा त्यांचा प्रश्न होता. आणि तो क्षुल्लक नव्हे. तथापि थॉमस यांची खरी समाधि इंग्लंडांत बायफ्लीटच्या चर्चच्या आवारांत आहे. पेंडाइनला होतें तें त्यांचें काम. तें गंजून नाहींसें होऊं देण्यांत त्यांचा सन्मान होता, असें आम्हांस वाटत नाहीं.

बेचाळीस वर्षांत समुद्राच्या खाऱ्या ओलाव्यानें पत्र्याचें अंग खाऊन टाकलें होतें. लोखंड व ॲल्युमिनियम एकमेकांस लागून खाऱ्या पाण्यांत राहिले म्हणजे बॅटरीसारखी क्रिया चालते व त्यांत बहुधा ॲल्युमिनियम आधीं झिजतें. जाड पोलादी भाग मात्र बरेच टिकले. अशा भागांच्या परीक्षणांतून संशय साखळीवरून उजव्या मागच्या चाकाकडे वळला. आधीं चाक निकामी झालें, मग पुढचा अनर्थ घडला, हें मत आज अधिक ग्राह्य धरतात.

यांत नवल नाहीं, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं गणितानें ताडून पाहावें. चाक फिरतांना त्याची कड बाहेर फेंकली जाऊं पाहते व आऱ्यांस तिला धरून ठेवावें लागतें. हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४५ किलोमीटरांवरून २७० वर गेलें तर वेग सहापट होतो, पण आऱ्यांवरील ताण छत्तीसपट! टक्कर झाल्यास जिरवावी लागणारी गतिज ऊर्जाही तितक्याच पटीनें वाढते. म्हणूनच अपघातांतली वेगवान मोटार स्वस्तांत मिळते म्हणून घेणाऱ्यानें रंग पाहूं नये. सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरचे जे कर्ण मुळांत सारखे असावयाचे, ते सारखे न भरले तर सांगाडा तिरका झालेला आहे. आमच्या वाचकांपैकीं जे पालक जुनी मोटार घेणार असतील त्यांनीं सुतळीची एक दोरी बरोबर न्यावी, तिला फार पैसे पडत नाहींत.

ओवेन यांचें काम दीड दशक चाललें. जुना भाग वापरण्याजोगा असेल तर तोच ठेवावयाचा, नसेल तर त्याच मापाचा नवा करावयाचा. अंगाचा पत्रा नवा करावा लागला. मग ही जुनी बॅब्स कीं नवी? आमच्या मतें जोंवर सांगाडा तोच व कोणता भाग नवा हें लपविलें नाहीं, तोंवर ती बॅब्सच. अखेर एंजिन पुन्हां सुरू झालें, आणि ज्या पेंडाइनला ती पुरली गेली होती तेथील संग्रहालयांत ती लोकांस पाहावयास ठेवण्यांत आली.